पाच नावं, एक लॅपटॉप

प्रति,
भौगोलिक माहिती प्रणाली शिकवणारे आमचे सर्व शिक्षक आणि अभ्यास मंडळाचे सदस्य,
नागपूर

आदरणीय सर, मॅडम,

माझी धाकटी बहीण यंदा तुमच्याकडे शेवटच्या वर्षाला आहे. परवा संध्याकाळी विभागातून घरी आली ती चपला भिरकावतच. प्रोजेक्टचे गट पडले होते. "रोल नंबरनं पाच जण टाकले अन् लॅपटॉप एकट्या माझ्याजवळ आहे. म्हणजे सगळं मलाच करावं लागणार ना! बाकीचे नावापुरते." मी तिच्यापुढे चहा ठेवला आणि गप्प बसले. दोन वर्षांपूर्वी याच घरात मीही हेच म्हटलं होतं, आणि मग हट्टानं ते खरं करून दाखवलं होतं.

गटकामाबद्दल तुमच्या कानावर येणाऱ्या तक्रारी बहुतेक एकाच सुराच्या असतात: आम्ही राबलो, बाकीच्यांनी फुकटचे गुण खाल्ले. मी राबणाऱ्यांपैकी. ५० पैकी ४३ मिळाले होते मला, गटात सगळ्यांत जास्त. पण माझी तक्रार उलटी आहे. ते ४३ मला मिळायला नको होते, आणि ते मला कसे मिळाले हे तुम्हाला कळावं म्हणून हे पत्र लिहिते आहे. जरा लांबेल.

आमचा विषय होता नाग नदीचा पूर. २३ सप्टेंबर २०२३ ची ती पहाट नागपूरकरांना सांगायला नको. मध्यरात्रीनंतर काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि अंबाझरी ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनीपासून खाली सीताबर्डीपर्यंत पाणी लोकांच्या घरांत आणि दुकानांत शिरलं. जानेवारीत विषय निवडताना तुम्हीही खूश होतात: शहरातला, ताजा, नकाशावर मांडता येईल असा. (आपल्या गावात दर दुसऱ्या वस्तीचं नाव ‘ले-आउट’, आणि क्यूजीआयएसमध्ये, म्हणजे आम्ही नकाशे काढतो त्या सॉफ्टवेअरमध्ये, नकाशा छापायच्या पानालाही लेआउटच म्हणतात. ‘लेआउट बुडालं’ हे वाक्य त्या तीन महिन्यांत आम्ही दोन्ही अर्थांनी वापरलं.)

गटात आम्ही पाच जण. मी, लॅपटॉपवाली. एक अमरावतीची मुलगी, शनिवार-रविवार घरी जाणारी. एक कामठीचा, सकाळी कुरिअरचं काम करून मग वर्गात येणारा. एक दिवसभर वाचनालयात एमपीएससीच्या पुस्तकांत बुडालेला. आणि एक उमरेडचा, वर्गात तोंड न उघडणारा. त्याचे वडील गवंडीकाम करतात, हे मला खूप उशिरा कळलं. तीन महिने एका गटात राहून ते विचारलं नव्हतं, हीसुद्धा एक नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

आधी अमरावतीच्या मुलीचं सांगते. उपग्रह प्रतिमेवरून नदी आणि तिला मिळणारे नाले काढायचं काम तिच्याकडे होतं. तिनं ते घरी, चुलतभावाच्या संगणकावर केलं. भावाच्या संगणकावर सगळं अमरावतीसाठी लावलेलं, म्हणजे यूटीएम झोन ४३ (नकाशासाठी पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे उभे पट्टे पाडतात, त्यांतला एक). नागपूर येतं झोन ४४ मध्ये. दोन्ही शहरांच्या मधून ७८ अंशांचं रेखावृत्त जातं आणि तिथे झोन बदलतो, हे तुम्ही पहिल्या सत्रात शिकवलंत, आम्ही सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं आणि सगळेच विसरलो. तिनं व्हॉट्सॲपवर शेपफाईल (नकाशावर काढलेल्या आकृत्या साठवायचा एक प्रकार) पाठवली: एसएचपी, एसएचएक्स आणि डीबीएफ अशा तीन फायली. चौथी पीआरजे, जिच्यात झोन लिहिलेला असतो, ती राहून गेली. क्यूजीआयएसनं मला प्रक्षेपण, म्हणजे इथे झोन कोणता, ते विचारलं. मी कशाला कोणाला विचारते! नागपूर म्हणजे ४४, दिलं ठोकून. नाग नदी बरोबर सहा अंश पूर्वेला सरकली आणि ओडिशात अंगुलच्या आसपास वाहायला लागली. सहाशे किलोमीटरहून लांब.

ही चूक दुरुस्त करायला एक मिनिट लागतं. लेयरवर, म्हणजे नकाशाच्या त्या थरावर, उजवी क्लिक करा, ४४ चं ४३ करा, नदी घरी परत. पण रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मला तोपर्यंत खात्रीच झाली होती की बाकीच्यांना काही येत नाही. मी तिला फोन केला नाही. लेयर उडवली आणि पहाटे चारपर्यंत बसून आख्खी नदी, नाल्यांसकट, स्वतः पुन्हा काढली. सकाळी ग्रुपवर लिहिलं, "तुझी फाईल करप्ट होती, मी केलं नवीन." तिनं ‘सॉरी’ लिहिलं. त्यानंतर तिनं गटात एकही काम मागून घेतलं नाही. तोंडी परीक्षेत तुम्ही तिला विचारलंत, "यात तुझं काय?" तिनं माझ्याकडे पाहिलं.

चूक निम्मी माझी होती हे मला वर्षभरानं कळलं, तेही ऑफिसात तीच चूक दुसऱ्या कोणी केली तेव्हा. तिथल्या सीनियरनं मुळीच आवाज चढवला नाही. दोघांना शेजारी बसवलं, नदी आधी ओडिशात दाखवली, मग परत आणून दाखवली. पाच मिनिटं लागली.

उमरेडच्या मुलाची गोष्ट याहून जड आहे.

त्याला सॉफ्टवेअर जमत नव्हतं असं मी धरून चाललेले. खरं म्हणजे लॅब पाचला बंद व्हायची, लॅबच्या संगणकावर त्याची पाळी येईपर्यंत पावणेपाच वाजायचे आणि त्याची शेवटची बस सातची. जमण्याइतका वेळ त्याला कोणी दिलाच नाही. मी त्याला सांगितलं, "तू फील्ड कर." आमच्या भाषेत ‘फील्ड कर’ म्हणजे चार फोटो काढून आण, अहवालात लावू.

तो चार रविवार गेला. पहिल्या रविवारी काय केलं ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दुसऱ्या रविवारी त्यानं मला बोलावलं, "येऊन पाय ना एकदा," म्हणाला, म्हणून गेले. हा बाबा वडिलांची लेव्हल काढायची नळी घेऊन आला होता. गवंडी लोक वापरतात ती साधी पारदर्शक प्लास्टिकची नळी, आत पाणी. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला राहतं. नाल्यावरच्या छोट्या पुलाचा सिमेंटचा कठडा त्यानं खूण म्हणून धरला होता, त्यावर खडूनं रेघ मारली होती, आणि तिथून नळीनं पातळी एका फाटकाहून दुसऱ्या फाटकावर नेत नेत गल्लीभर चालला होता. नळीचं एक टोक मला धरायला दिलं. आम्ही एका आजींच्या घरी गेलो. दिवाळीला रंग दिलेला, भिंती कोऱ्या. पुराची रेघ कुठे शोधणार? त्यानं विचारलं, "आजी, रंग देताना कपाट हटवलं होतं का?" आजी हसल्या. कपाट जड, रंगाऱ्यानं ते जागचं हलवलंच नव्हतं. आम्ही दोघांनी ते वीतभर पुढे ओढलं. मागे गाळाची तपकिरी रेघ तशीच्या तशी, पट्टीनं आखल्यासारखी. जमिनीपासून चार फूट दोन इंच. "घ्या लिहून," आजी म्हणाल्या, "पुढच्या दिवाळीत मी ते कपाट हलवणारच आहे."

अशी ४१ घरं. वहीत प्रत्येक घरापुढे दोन रकाने: पाणी ‘ओट्यापासून’ किती आणि ‘पुलापासून’ किती. शेजारी गल्लीचा उतार दाखवणारा बाण.

सर, तुम्हाला याची किंमत मी सांगायला नको, पण माझ्या बहिणीच्या तुकडीसाठी सांगते. उंचीसाठी आम्ही जो उपग्रही डेटा वापरत होतो, त्याचा एक चौकोन ३० मीटर बाय ३० मीटरचा. म्हणजे ९०० चौरस मीटर, म्हणजे आपल्याकडचे पंधराशे चौरस फुटांचे सहा प्लॉट त्यात मावतात. त्या सहाही घरांना एकच उंची. शिवाय त्या उंचीतच काही मीटरची चूक असू शकते. एकाचा ओटा तीन फूट उंच, शेजाऱ्याच्या दारात पायरीसुद्धा नाही, एकाच्या घरात पाणी आलं, दुसऱ्याच्या नाही, हे त्या डेटाला कधीच दिसणार नव्हतं. मोबाईलच्या जीपीएसनं तर उंची घेण्यात अर्थच नाही. चार फूट दोन इंच आणि दोन फूट अकरा इंच यांतला फरक आमच्या सगळ्या प्रोजेक्टमध्ये एकाच ठिकाणी होता: त्या वहीत.

आणि मी काय केलं? उंचीच्या डेटावर एक आकडा ठरवून त्याखालचं सगळं निळं रंगवलं. सुंदर नकाशा झाला. उत्तर दिशेचा बाण, प्रमाणपट्टी, सूची, सगळं जागच्या जागी. वहीतले आकडे भरायचे तर ४१ बिंदू एकेक करून टाकावे लागले असते, फूट-इंचांचं मीटर करावं लागलं असतं, आणि सबमिशनला दोन दिवस उरले होते. अहवालात मी एक ओळ लिहिली: ‘काही स्थानिक रहिवाशांशी चर्चा करण्यात आली.’ चार रविवारांची एक ओळ.

तोंडी परीक्षेत त्याला प्रश्न आला, "व्हॉट इज डेटम?" तो गप्प. मग "तू काय केलंस?" तो म्हणाला, "टेप धरला." तुम्ही हसलात असं मी म्हणणार नाही, हसला नाहीत. पुढच्या मुलाला बोलावलंत. अहवालाचे ३० पैकी २५ सगळ्यांना सारखे होते. तोंडीचे २० पैकी मला १८ आणि त्याला ७. मी ४३, तो ३२.

ज्या मुलानं पुलाच्या कठड्यावर रेघ मारून तिथून ४१ घरांची पातळी मोजली, त्याला डेटमची, म्हणजे मोजणी जिथून धरायची त्या आधाराची, व्याख्या आली नाही. मला आली. पाठ होती.

आपल्या झिरो माईलचा दगड किती जण बघायला येतात, भारताचा मध्यबिंदू म्हणून फोटो काढतात. त्याच आवारात १९०७ सालचा त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा मानक तलचिन्हाचा दगड आहे, म्हणजे ज्यावरून उंची मोजत पुढे जायचं अशी पक्की खूण. आमच्या वर्गानं तिथे सहल काढली होती. गटाचा फोटो आहे, त्यात तो मागच्या रांगेत आहे. दगडाचं काम काय ते आम्ही सगळ्यांनी वाचलं, आणि मार्चमध्ये आमच्यातल्या एकानं तेच काम नळीनं करून दाखवलं तर एकालाही ओळखता आलं नाही. इथून जवळच हिंगणघाटला विल्यम लॅम्ब्टनची कबर आहे. १८०२ साली मद्रासपासून त्यांनी ते सर्वेक्षण सुरू केलं आणि १८२३ मध्ये हैदराबादहून नागपूरकडे येताना ते तिथे वारले. त्यांचा अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, वाहून नेणाऱ्यांपैकी, झेंडे धरून उभं राहणाऱ्यांपैकी एकाचंही नाव मला परीक्षेत लिहावं लागलं नाही. वर्गात ते ऐकून आम्ही हळहळलो होतो.

आता मागण्या. गटकाम बंद करा असं मी मुळीच म्हणत नाही. वर्गातले बरेच जण तेच मागतील. माझी बहीणही, पहिल्यांदा तीच. पण या धंद्यात एकट्यानं काहीच होत नाही. एमआरसॅकमध्ये, म्हणजे राज्याच्या सुदूर संवेदन केंद्रात बघा (उपग्रह प्रतिमांवरून नकाशे करतात तिथे), अमरावती रोडवरच्या सुदूर संवेदन केंद्रात बघा, माझ्या छोट्याशा ऑफिसातही बघा: एक जण काढतो, दुसरा तपासतो, तिसरा जागेवर जाऊन येतो. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मला विचारलेला पहिला प्रश्न होता, "ही लेयर कोणी काढली, कधी, कशावरून?" दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात हा प्रश्न मला एकदाही कोणी विचारला नव्हता.

तोच विचारा, एवढंच. प्रत्येक लेयरच्या टेबलमध्ये दोन रकाने सक्तीचे करा: कोणी आणि कधी. तिसरा हवा तर कशावरून: टोपोशीट ५५ ओ/४ या छापील सर्वेक्षण नकाशावरून, प्रतिमेवरून, की घरी जाऊन. क्यूजीआयएसमध्ये वापरकर्त्याचं नाव त्या रकान्यात आपोआप भरायची सोयही आहे. (आपल्या लॅबमधल्या प्रत्येक संगणकाच्या वापरकर्त्याचं नाव ‘लॅब’ आहे. तेवढं आधी बदलावं लागेल.) कोणी राबलं आणि कोणी नाही ही भांडणं मग तुमच्या केबिनपर्यंत येणारच नाहीत. टेबल उघडलं की दिसेल. आणि माझ्यासारखीनं पहाटे चारला दुसऱ्याचं काम पुसून स्वतःचं टाकलं, तर तेही दिसेल.

शेपफाईल सबमिशनला घेऊ नका. जिओपॅकेज घ्या. एकच फाईल, पीआरजे मागे राहायचा प्रश्न नाही, आणि रकान्याची नावं दहा अक्षरांत कोंबावी लागत नाहीत. मराठी नावंही नीट राहतात. ‘धरमपेठ’ची प्रश्नचिन्हं होत नाहीत.

सगळ्यांनी सगळं थोडं थोडं करायला हवं, निदान एकेकदा. लॅपटॉपवालीला एक रविवार उन्हात पाठवा आणि फील्डवाल्याला लॅबमध्ये दोन तास हक्काचे द्या. पाचला कुलूप लागणाऱ्या लॅबमध्ये बाहेरगावच्या मुलांना हे जमत नाही. आठवड्यातला एकच दिवस साडेसहा वाजेपर्यंत उघडी ठेवा.

तोंडी परीक्षेत ज्याला त्याला दुसऱ्याच्या लेयरवरचा प्रश्न विचारा. मला विचारलं असतंत, "हे ४१ आकडे कुठून आले?" तर मी निरुत्तर झाले असते, आणि ते बरं झालं असतं. एखादा मार्क गेला असता तरी हरकत नव्हती. मराठीत विचारलं तरी चालेल. ‘पातळी कुठून धरली?’ हाही डेटमचाच प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर त्याच्याजवळ होतं.

तुमची अडचण मला ठाऊक आहे. विभागात मंजूर जागा रिकाम्या, शिकवणारे बरेचसे तासिका तत्त्वावर, त्यांतले दोघे तर तुकडी संपायच्या आत दुसरीकडे गेले. चाळीस मुलांची तोंडी एका दुपारी उरकायची म्हटल्यावर ‘काय केलंस?’ यापलीकडे विचारायला वेळ कुठे असतो. म्हणून मी समित्या मागत नाही, नवा सॉफ्टवेअर परवाना मागत नाही. क्यूजीआयएसला पैसे पडत नाहीत, रकाने काढायला दहा मिनिटं लागतात.

एक गोष्ट मात्र जागेची आहे, तुमच्या कपाटाची. त्या लोखंडी कपाटात आमच्या आधीच्या तुकड्यांचे स्पायरल बाइंडिंगचे अहवाल आहेत, खाली सीड्यांचा गठ्ठा. मी एकदा चाळले होते. नाग नदी त्यात मला सहा वेळा सापडली. दर वेळी पहिल्यापासून काढलेली, दर वेळी थोडी वेगळी, एकदा तर शहरातली दुसरी, पिवळी नदी चुकून तिच्यात घेतलेली. आम्ही सातवी काढली. माझ्या बहिणीचा गट आता आठवी काढायला बसला आहे. त्यातली बरी निवडून एका हार्ड डिस्कवर ठेवली आणि नव्या गटाला पहिल्याच दिवशी दिली, तर त्यांचे तीन महिने नदी काढण्यात जाणार नाहीत. त्या तीन महिन्यांत ते ४१ ची ८१ घरं करू शकतात. तोवर आजींचं कपाट हललेलं असेल, पण गल्लीत इतर कपाटं आहेत.

वही माझ्याकडे आहे. अहवाल बाइंडिंगला देताना त्यानं मला दिली होती, "जोडायची असली तर जोड," म्हणून. मी जोडली नाही आणि परतही केली नाही. गेल्या महिन्यात काढून बसले आणि आकडे भरायला घेतले, ‘कोणी’च्या रकान्यात त्याचं नाव टाकून. अडतीस घरं झाली. सातव्या पानावर चहा सांडलेला आहे, आजींकडचाच असावा, त्यावरची तीन घरं लागत नाहीत. तीन आहे की आठ, ओळखता येत नाही. त्याचा नंबर माझ्याकडे आहे. या रविवारी फोन करते, मग सोमवारी फाईल आणि वही दोन्ही विभागात आणून देते.

आपली,
२०२४ च्या तुकडीतली एक विद्यार्थिनी